मौल्यवान घड्याळ आणि रोजचें मनगट

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं धर्मगुरूनें देवळाच्या इतिहासावर बोलावें अशी सर्वांची अपेक्षा असते. तें काम आमच्याहून अधिक जाणती मंडळी करणार आहेत. आम्ही आज एका लहानशा, आणि कित्येकांना केवळ ऐहिक वाटेल अशा विषयावर बोलणार आहों. विषय आहे मनगटावरचें किमती घड्याळ.

हा विषय निघाला तो असा. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलें आखातांत, जहाजांवर व दूरदेशीं नोकरीस आहेत. तीं घरीं येतांना आईबापांस भेटी आणतात. अशाच एका गृहस्थांस मुलांनीं लाखाहून अधिक किमतीचें स्विस घड्याळ दिलें. तें त्यांनीं सणाच्या मिस्सेस एकदां घातलें आणि बँकेच्या लॉकरांत नेऊन ठेविलें. पुढें त्यांनीं आम्हांस विचारिलें, "फादर, रोज घातलें तर आपटेल, घासेल, भिजेल, शिवाय लोक म्हणतील, ह्याला माज आला. न घालावें तर पोरांना वाईट वाटतें. काय करूं?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यांत दोन भीति एकमेकींत गुंतल्या आहेत, एक नुकसानीची व दुसरी लोकांची. त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

नुकसानीची भीति आधीं घेऊं. मनगटी घड्याळ ही वस्तु कोणासाठीं वाढली हें पाहिलें म्हणजे ती भीति अर्धी ओसरते. पूर्वीं पुरुष घड्याळ खिशांत ठेवीत. मनगटावर बांधणें हा बायकी दागिना समजत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांतील शिपायांना खिशांत हात घालण्यास सवड नव्हती, म्हणून तें मनगटावर आलें आणि तेथेंच राहिलें. म्हणजे चिखल, धक्के व पाऊस ह्यांतच त्याचें बाळपण गेलें. पुढें कारागिरांनीं एकेक शत्रूचा बंदोबस्त केला. १९२६ सालीं रोलेक्स कंपनीनें पाणी न शिरणारी 'ऑयस्टर' पेटी काढिली. दुसऱ्याच वर्षीं, ऑक्टोबर १९२७ मध्यें, मर्सिडीझ ग्लाइट्झ नांवाची इंग्रज तरुणी इंग्लिश खाडीच्या गारठ्यांत तें घड्याळ गळ्यांत बांधून पोहली. दहा तासांहून अधिक काळ ती पाण्यांत होती. त्या दिवशीं तिला पैलतीर गांठतां आलें नाहीं, परंतु घड्याळ चालत राहिलें. कंपनीनें मग त्याची मोठी जाहिरात केली. व्यापारी लोक अशी संधि सोडीत नाहींत.

१९३४ सालच्या 'इन्काब्लॉक' नांवाच्या युक्तीची गोष्ट आम्हांस अधिक आवडते. घड्याळाच्या आंत एक लहान चाक सतत मागेंपुढें डोलत असतें. त्याच्या आंसाचीं टोंकें केसाएवढीं बारीक असून तीं माणकाच्या खड्यांत टेकलेलीं असतात. पूर्वीं घड्याळ पडलें कीं हीं टोंकें मोडत, आणि घड्याळजी मान हलवी. ह्या युक्तींत तो खडा घट्ट न बसवितां एका नाजूक स्प्रिंगेवर बसविला. धक्का बसला कीं खडा किंचित् सरकतो, आंसाचा जाड भाग धक्का झेलतो, आणि मग खडा आपल्या जागीं परत येतो. जें मुळींच हलत नाहीं तेंच मोडतें, हें त्या कारागिरांनीं ओळखलें. आज चांगल्या यांत्रिक घड्याळांत ह्या किंवा अशाच प्रकारची सोय असतेच. कांचेचेंही तसेंच. १९०२ सालीं व्हर्न्यूई ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें कृत्रिम माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच जातीच्या कृत्रिम नीलमण्याची कांच हल्लीं किमती घड्याळांस असते. कठिणपणाच्या मापांत हिरा दहा, नीलमणि नऊ आणि वाळूंतील गारगोटी सात. तेव्हां वाळूनें ती कांच ओरखडत नाहीं. मात्र फरशीच्या कडेवर जोरानें आपटल्यास तडकूं शकते.

असें हें यंत्र सामान्यतः तासाला २८,८०० ठोके देतें. म्हणजे एका दिवसांत ६,९१,२००. जें आपण होऊन एवढे कष्ट करितें, त्याला तुमच्या मनगटावर बसून बाजारांत जाणें जड होईल काय?

मग भ्यावें कशाला? लोक ओरखड्याला भितात आणि पाण्याला भीत नाहींत. हें उलट आहे. तबकडीवर '३० मीटर' असें लिहिलें असलें म्हणजे तीस मीटर खोल बुडी मारावी असा अर्थ नव्हे. तें कारखान्यांत नव्या घड्याळावर केलेल्या दाबाच्या परीक्षेचें माप आहे. अशा घड्याळानें हात धुवावे, पावसाचे शिंतोडे सोसावे, एवढेंच. पोहण्यास निदान शंभराचें माप पाहावें. आंत पाणी जाऊं न देणारीं रबराचीं कडीं असतात. तीं साबणानें, कढत वाफेनें व वयानें कडक होतात, म्हणून मधून मधून तपासून घ्यावींत. चावीची कळ बाहेर ओढलेली राहिली तर सगळी तटबंदी व्यर्थ. दुसरा शत्रु लोहचुंबक. ध्वनिक्षेपकाचे कर्णे, पर्शीचीं चुंबकी कुलुपें ह्यांजवळ घड्याळ ठेविल्यास केसासारखी आंतली कमान चिकटते आणि घड्याळ एकाएकीं पुढें धावूं लागतें. घाबरूं नये, घड्याळजी कांहीं मिनिटांत ती बाधा काढतो. तारीख दाखविणारें घड्याळ असल्यास रात्रीं नऊ ते पहाटे तीन ह्या वेळांत हातानें तारीख बदलूं नये, कारण त्या वेळीं आंतले दांते तें काम स्वतःच करीत असतात. आपल्या किनाऱ्याच्या पावसाळ्यांत चामड्याचा पट्टा कुजतो व बुरसतो. ते चार महिने पोलादी पट्टा बरा.

आणि हें लक्षांत ठेवावें कीं लॉकरांतलें घड्याळही म्हातारें होतच असतें. तेथेंही रबर कडक होतें, चामडें सुकतें, तेल जुनें होतें. जुन्या काळचें तेल तर पडून राहिलें कीं डिंकासारखें घट्ट होई. न वापरल्यानें वस्तु नवी राहते हा समज खोटा आहे.

ओरखड्यांविषयीं दोन शब्द. पोलादावर व सोन्यावर ते पडणारच. अठरा कॅरट सोन्यांत पाऊण भाग सोनें असल्यामुळें तें मऊ. कित्येकजण प्रत्येक वर्षीं घासून चकचकीत करून घेतात. तसें करूं नये. दर वेळीं थोडा धातु झिजतो आणि पेटीच्या कडा बोथट होतात. घड्याळांचे जाणकार तर न घासलेल्या जुन्या घड्याळालाच अधिक मान देतात.

असो. यंत्राचें पुष्कळ झालें. आतां त्या गृहस्थांच्या मनाकडे वळूं.

वेदीवरचा चषक पाहा. पवित्र पात्रें मौल्यवान धातूचीं असावींत, आणि गंजणाऱ्या धातूचीं असल्यास त्यांस आंतून सोन्याचा मुलामा असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आपल्या देवळांत चषकाहून मौल्यवान अशीं भांडीं थोडींच असतील. तरी आम्ही तो रोज सकाळीं हातीं घेतों, धुतों, पुसतों. मुलामा झिजला तर पुन्हां देववितों. 'फार किमती, म्हणून वर्षांतून एकदां' असें कोणी म्हटलें तर तुम्हीच हसाल. बेथानी येथील मरियेनें तीनशें दिनारांचें सुगंधी तेल, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई, प्रभूच्या चरणांवर ओतलें. त्या वेळीं हिशेब मांडीत बसला तो यहूदा. आणि मिळालेलें धन जमिनींत पुरणाऱ्या चाकराचें काय झालें, तें आपण सर्व जाणतां. त्यानेंही कारण भीतीचेंच सांगितलें होतें.

तथापि कोणीं असें समजूं नये कीं धर्मगुरु महाग घड्याळें घेण्याचा उपदेश करीत आहेत. पोप फ्रान्सिस, जे २०२५ सालीं प्रभूच्या घरीं गेले, साधें प्लास्टिकचें घड्याळ वापरीत, आणि वेळ त्यांना बरोबरच कळे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं किमतीचा विचार विकत घेण्यापूर्वीं करावा, नंतर नव्हे. जें घड्याळ हरवलें किंवा फुटलें तर झोंप उडेल, घरांत भांडण होईल, हप्ते मात्र चालू राहतील, तें घड्याळ आपल्या ऐपतीचें नव्हे. कर्ज काढून मिरविण्यासाठीं घेतलेलें तर मुळींच नव्हे. परंतु प्रेमानें मिळालेली किंवा प्रामाणिक कष्टाची वस्तु, जिच्या नुकसानीनें कोणाचा घास हिरावला जात नाहीं, ती वापरण्यास भ्यावें कां? विमा उतरवावा, पावती जपून ठेवावी, आणि मग विसरून जावें. आपल्या विसरण्यावरूनच कळतें कीं वस्तु आपली आहे, आपण तिचे नाहीं.

लोक काय म्हणतील? म्हणोत. गर्व मनगटांत नसतो. पण बाही वर ओढून वेळ पाहण्याची जी एक रीत आहे, ती मात्र सोडावी. पहाटे भाजीची टोपली घेऊन मुंबईस जाणारी भगिनी शेजारच्या बाकावर बसली असतां तिच्यासमोर किमतीची गोष्ट काढूं नये. रोज घातलेलें घड्याळ लवकरच साधें दिसूं लागतें. सणालाच काढलेलें मात्र सर्वांचे डोळे ओढून घेतें. तेव्हां ज्यांना नम्रतेची काळजी आहे त्यांनीं उलट रोजच घालावें, असें आमचें मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगतांना आम्हांस वाईट वाटतें. एका घरीं वडिलांनीं नोकरीच्या निवृत्तीस मिळालेलें एच.एम.टी.चें घड्याळ कपाटांत, रुमालांत गुंडाळून, कितीतरी वर्षें ठेविलें होतें. १९६१ पासून बंगलोरास तीं घड्याळें होत. २०१६ सालीं सरकारनें ती कंपनी बंद करण्याचें ठरविलें. एके काळीं लग्नांत व निरोपसमारंभांत तींच देत. वडील वारले. घड्याळ काढलें तें चालत नव्हतें. किंमत म्हणाल तर फारशी नाहीं. परंतु दोघां भावांत 'तें मला देणार होते' ह्यावरून शब्द वाढले, आणि वडिलांच्या वर्षाच्या मिस्सेस एक भाऊ ह्या बाजूस व दुसरा त्या बाजूस बसला. वडिलांनीं तें मनगटावर घातलें असतें, घामानें पट्टा काळा झाला असता, कांचेवर दोन चरे पडले असते, आणि एके दिवशीं काढून स्वतःच्या हातानें एका मुलाच्या मनगटावर बांधलें असतें, तर दुसऱ्यानें तक्रार केली नसती असें आम्हांस वाटतें. निदान त्या दोघांना वडिलांचा हात आठवला असता. आतां त्यांना कपाट आठवतें.

म्हणून ज्यांच्याजवळ असें घड्याळ आहे त्यांनीं तें कोणास द्यावयाचें तें आजच बोलून ठेवावें, शक्य तर मृत्युपत्रांत एक ओळ लिहावी. आणि कपाटांत बंद पडलेलें असेल तर चावी देऊन जोरानें हलवूं नये. आधीं चांगल्या घड्याळजीकडून सफाई करून तेल घालून घ्यावें, मग घालावें. चांगला घड्याळजी ठाऊक नसेल त्यांनीं मिस्सेनंतर आम्हांस भेटावें. एक वृद्ध कारागीर आम्हांस माहीत आहेत, ते अजून डोळ्याला भिंग लावून काम करितात.