ताऱ्यांचा कौल कोणाचा?

(सक्करदरा, नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गिऱ्हाईक वांगे हातात घेऊन पाहते, भाव करते आणि मगच पिशवीत टाकते. किडका माल गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याला पुढच्या बुधवारी त्याच गिऱ्हाइकासमोर बसावे लागते. मोबाइलवरील ॲपच्या बाजारात विक्रेता दिसत नाही. तेथे अनोळखी माणसांनी दिलेल्या ताऱ्यांवर विसंबावे लागते. हे तारे म्हणजे जनतेचा कौल, असे सांगितले जाते. तो कौल कितपत खरा?

नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान यांनी देशातील असहिष्णुतेविषयी काही उद्गार काढले. ते तेव्हा स्नॅपडील या कंपनीची जाहिरात करीत. संतप्त लोकांनी कंपनीच्या ॲपला एकेक तारा देण्याचा सपाटा लावला. एप्रिल २०१७ मध्ये याहून नवल घडले. स्नॅपचॅट या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला. परंतु नामसाधर्म्यामुळे कित्येकांनी आपला राग पुन्हा स्नॅपडीलवरच काढला! मे २०२० मध्ये टिकटॉकचे मानांकन साडेचारच्या आसपास होते, ते दीडच्याही खाली घसरले. गूगलने लक्षावधी अभिप्राय काढून टाकल्यावर ते पुन्हा चढले. स्नॅपडीलच्या दोन्ही प्रसंगी रोष होता तो ॲपच्या बाहेरील गोष्टींवर.

बहिष्कार हे जनतेचे शस्त्र नव्हे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. अवश्य आहे. परंतु बहिष्कार करणारा आपली मागणी जाहीर करतो, स्वतः झीज सोसतो आणि मागणी मान्य होताच बहिष्कार मागे घेतो. रागाच्या भरात दिलेल्या ताऱ्याला ना मागणी, ना झीज, ना जबाबदारी.

हे झाले उघड अन्याय. मुकाट चालणारा अन्याय अधिक खोल आहे. ज्याचे काम सुरळीत झाले तो बहुधा काहीच लिहीत नाही. काही ॲप प्रथम ‘आवडले का?’ असे विचारतात. होकार देणाऱ्याला ताऱ्यांकडे नेतात आणि नकार देणाऱ्याला तक्रारपेटीकडे वळवतात. गूगलच्या मार्गदर्शक सूचनांना हे मान्य नाही, तरी मोह सुटत नाही. शिवाय सरासरी फसवी असते. पाच जणांनी पाच तारे आणि पाच जणांनी एक तारा दिला, तरी उत्तर तीन. दहाही जणांनी तीन दिले, तरी तीनच.

आणि ही मोजणी कोणाच्या हाती? बाजाराच्या मालकाच्या. २०१९ मध्ये गूगलने ताज्या मानांकनांना अधिक वजन देणारी पद्धत आणली. ॲप बदलत असते, म्हणून त्यात तथ्यही आहे. परंतु निर्णय एकट्या मालकाचा. आणि हा मालक त्याच बाजारात स्वतःचा मालही मांडतो.

विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये, असे २०२० चे ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम सांगतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक प्रसिद्ध केले; पण ते आले ऐच्छिक म्हणून. मापातील पाप ऐच्छिक नियमाने थांबत नाही. बुधवार बाजारातल्या भाजीवाल्या बाईच्या वजनांनाही सरकारी मुद्रा लागते. कोट्यवधींचा कौल तोलणाऱ्या या ताजव्यावर कोणाची मुद्रा आहे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी: मानक बंधनकारक करा, किती अभिप्राय काढले आणि का काढले, हे जाहीर करा, मोजणीची पद्धत स्वतंत्र तपासणीसाठी खुली करा. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून दाखवून दिले आहे की, एकेकटा ग्राहक दुबळा असतो, संघटित ग्राहक नव्हे.

कार्यकर्त्यांनीही एक पथ्य पाळावे. तारा देताना दोष कोणता, केव्हा आढळला, हे दोन ओळींत लिहावे. आणि दुसऱ्याचा राग तिसऱ्यावर काढू नये. कौलाला लोकमताची प्रतिष्ठा हवी असेल, तर तो देणाऱ्यानेही त्याची जबाबदारी घेतली पाहिजे.