आरोप म्हणजे निकाल नव्हे
(1 मे रोजीच्या सभेतील भाषण)



1 मे हा आपला महाराष्ट्र दिन, तसाच कामगार दिनही. भोपाळात कामगारांविषयी बोलायचे तर कार्बाइड टाळता येत नाही.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला. पुढे कंपनीने सांगितले, एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. 1988 मध्ये कंपनीच्या सल्लागारांनी तसा निबंधही मांडला. कामगारांनी ते साफ नाकारले. विभागातील माणसे 12 वरून 6 वर आणली होती, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, त्याचे काय, असे त्यांनी विचारले. 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने सात अधिकाऱ्यांना शिक्षा दिली, तीही निष्काळजीपणाबद्दल. घातपाताचा खटला एकाही कामगारावर चालला नाही. संशय मात्र कामगारांच्या माथी राहिला.

आपल्याही घरांतली मुले नोकरीत आहेत. गैरवर्तनाचा ठपका आला तर आरोपपत्र लेखी मागावे, उत्तर लेखी द्यावे, चौकशीत साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावी. दबावाखाली राजीनामा देऊ नये. कायद्याने जो 'कामगार' ठरतो, त्याची बडतर्फी रद्द करण्याचा किंवा शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला 1971 पासून आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे.

आणि आपण समाजाने काय करावे? अशा माणसाच्या घरी जाणे-येणे थांबवू नये. निकालाआधी आपणच निकाल देऊ नये.

जय हिंद!