जुन्या ओळी, नवी दुर्बीण
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की आंबेगाव तालुक्यातलं मंचर आणि कळंब मागे पडतं आणि जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव येतं. टोमॅटोच्या बाजारासाठी हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून पूर्वेला आत गेलं की खोडद. शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड केलेल्या प्रचंड जाळीदार ताटल्या दिसू लागतात. हीच ती जीएमआरटी, अर्थात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. त्यांतले १४ मध्यभागी एकमेकांजवळ आणि उरलेले १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेले. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करत आले आहेत.

या दुर्बिणीच्या ताटल्या लांबून दिसतात. तिचा एक भाग मात्र कुणालाच दिसत नाही, आणि मला आज त्याविषयी बोलायचं आहे. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. माझं घर आंबेगाव तालुक्यातलं, आणि पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आमच्या धंद्यात सध्या ‘फ्रेमवर्क’ या शब्दाचा फार बोलबाला आहे. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून लिहायचा नाही. सांगाडा घ्यायचा आणि आपल्या गरजेपुरत्या चार ओळी त्यात बसवायच्या. काम झटपट होतं. पण त्या सांगाड्याखाली दुसरा सांगाडा असतो, त्याखाली तिसरा, आणि अगदी तळाशी तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेल्या ओळी असतात. त्यांना ‘लेगसी कोड’ म्हणतात. वारसाहक्कानं आलेला कोड म्हणा हवं तर. हे थर कसे असतात ते खोडदच्या दुर्बिणीत फार स्पष्ट पाहायला मिळतं.

तीस अँटेनांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात. प्रत्येक जोडीकडून आलेले संदेश संगणक एकमेकांशी ताडून पाहतो आणि त्यातून आकड्यांचा डोंगर तयार होतो. हे आकडे आधी दुर्बिणीच्या स्वतःच्या पद्धतीनं साठवले जातात आणि मग ‘फिट्स’ नावाच्या मांडणीत आणले जातात. फिट्सची मांडणी १९८१ मध्ये शोधनिबंधाच्या रूपानं प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीला जी माहिती असते, म्हणजे कोणती दुर्बीण, कोणती तारीख, आकाशाचा कोणता भाग, ती प्रत्येकी बरोबर ८० अक्षरांच्या ओळींत लिहावी लागते. ८० च का? कारण त्या काळातल्या पंचकार्डावर ८० रकाने असत. भोकं पाडलेली ती पुठ्ठ्याची कार्डं आज संग्रहालयात गेली. तरी खोडदला गेल्या आठवड्यात घेतलेल्या निरीक्षणाची फिट्स फाइल उघडली, तर तिच्या डोक्यावर त्या कार्डाचं माप तसंच बसलेलं सापडेल.

याला कुणी अडाणीपणा म्हणेल. पण फिट्सच्या कर्त्यांनी एक नियम घालून घेतला होता. मांडणीत पुढे काहीही भर घाला, पण आधी लिहिलेली कोणतीही फाइल त्यामुळे निरुपयोगी होता कामा नये. म्हणून १९८० च्या दशकातलं निरीक्षण आजही वाचता येतं. सन २००० जवळ आलं तेव्हा वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची अडचण फिट्समध्येही होती. १९९७ मध्ये चार आकडी वर्षाची नवी पद्धत ठरली, पण जुन्या तारखा वाचण्याची सोय कायम राहिली.

आता त्यावरचा थर. या आकड्यांचं चित्र करण्यासाठी अनेक वर्षं ‘एप्स’ नावाची प्रणाली वापरली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेनं १९७८ मध्ये तिचं काम सुरू केलं. ती फोर्ट्रान भाषेत आहे, आणि फोर्ट्रान १९५७ ची. पुढे १९९० च्या दशकात एप्सची जागा घेण्यासाठी नवी प्रणाली सी प्लस प्लस भाषेत लिहायला घेतली. तीच आज ‘कासा’ या नावानं ओळखली जाते. वापरणाऱ्याला समोर पायथन ही सोपी, आधुनिक भाषा दिसते. पायथनखाली सी प्लस प्लस आणि त्यातल्या काही नेमक्या मोजण्या पुन्हा फोर्ट्रानमध्ये! पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ‘कॅप्चर’ नावाची मालिकाबद्ध प्रणाली प्रसिद्ध केली, ती या कासावर उभी आहे. विद्यार्थी थोडीशी माहिती भरतो आणि बाकीचं काम थराथरानं खाली जातं.

याच दुर्बिणीनं २०१० ते २०१२ या काळात जवळजवळ नव्वद टक्के आकाशाची १५० मेगाहर्ट्‌झवर पाहणी केली. ती सगळी माहिती संशोधकांनी पुन्हा हाताळली आणि २०१७ मध्ये ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. त्यासाठी वापरलेली ‘स्पॅम’ ही प्रणाली पायथनमध्ये लिहिलेली, पण कष्टाचं काम करून घेतलं ते खालच्या एप्सकडून. यातली गंमत अशी की आधी जुनी झाली ती वरची पायथन. पायथनच्या ज्या दुसऱ्या आवृत्तीवर ती लिहिली होती, तिची देखभाल १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे थांबली. तळातली फोर्ट्रान मात्र चालूच राहिली. तेव्हा जुनं म्हणजे मोडकळीला आलेलं आणि नवं म्हणजे टिकाऊ, हा हिशेब आमच्या धंद्यात नेहमी जुळत नाही.

मग तळ खणून सगळं नव्यानं का लिहीत नाहीत? जुन्या कोडातली एखादी विचित्र ओळ पाहून नवा मुलगा म्हणतो, ही कशाला हवी? पण ती ओळ बहुधा कुठल्यातरी प्रसंगातून आलेली असते. एखादा अँटेना मध्येच बंद पडला, कुठला आकडा शून्यानं भागला गेला, म्हणून कुणीतरी ती घातली. प्रसंग विसरला गेला, ओळ राहिली. ती काढली की तो प्रसंग पुन्हा दारात उभा.

याचा अर्थ जुन्याची पूजा करावी असा नाही. सगळेच जर एकाच जुन्या कोडावर विसंबले, तर त्यातली चूकही सगळ्यांना सारखीच वाटून मिळते. स्पंदकांचं, म्हणजे पल्सारांचं उदाहरण घ्या. त्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून गुरुत्वीय लहरींचा माग काढतात. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी अशा लहरींच्या खुणा जाहीर केल्या. त्यात खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारा भारतीय गटही होता. या मोजणीसाठी ‘टेम्पो’ ही जुनी फोर्ट्रान प्रणाली, मग २००६ ची ‘टेम्पो-२’, आणि अलीकडे ‘पिंट’ ही तिसरी आली. पिंट मुद्दाम आधीच्या दोघींपासून वेगळी, स्वतंत्रपणे लिहिली, म्हणजे एकीचं उत्तर दुसरीशी ताडता यावं. नव्यानं लिहिण्याचं हे खरं कारण. पण ताडण्यासाठीसुद्धा जुनी प्रणाली चालती ठेवावी लागते, आणि ती वाचणारा माणूस लागतो.

माझी काळजी या माणसाविषयी आहे. जुन्नर तालुक्याच्याच पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. त्यात दानं दिल्याच्या नोंदी आहेत, आकडे आहेत. शतकानुशतकं लोक त्या घाटानं चढले-उतरले. अक्षरं कातळावर होतीच, पण वाचणारा उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा अशा लेखांना पुन्हा अर्थ आला. आपल्या घरातल्या ट्रंकेत आजोबांचे मोडी कागद असतील, तर वाचणारा शोधायला किती हिंडावं लागतं ते वेगळं सांगायला नको. कोडाचं तसं व्हायला शतकं लागत नाहीत, एक पिढी पुरते. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याचे अर्ज प्रचंड वाढले. ती यंत्रणा कोबोल या जुन्या भाषेतली. तेव्हा खुद्द गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला या, असं जाहीर आवाहन करावं लागलं. ज्यांचं पोट त्या भत्त्यावर होतं, त्यांच्यासाठी तळातला कोड ही पुस्तकी गोष्ट नव्हती.

देखभालीला मान नाही, ही खरी अडचण आहे. नवी प्रणाली लिहिली की शोधनिबंध होतो, समारंभ होतो. जुनी चालती ठेवणाऱ्याला बढतीच्या वेळी विचारतात, यंदा नवीन काय केलंत? अँटेना गंजू नये म्हणून माणसं नेमतो, पैसा ठेवतो, तसा तो प्रोग्रामच्या देखभालीसाठीही अंदाजपत्रकात वेगळा ठेवायला हवा.

आणि मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. फ्रेमवर्क जरूर शिका, नोकरी त्यावर मिळते. पण वर्षातून एकदा तरी त्याचं झाकण उघडा. तुम्ही लिहिलेली एक ओळ घ्या आणि ती खाली कुठपर्यंत जाते याचा माग काढा. मध्ये एखादी ओळ कळली नाही तर ती पुसू नका. ती कुणी, कधी, कशासाठी घातली ते शोधा, आणि सापडलं की शेजारी दोन वाक्यांत लिहून ठेवा. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरतं. तिथे गेलात तर ताटल्या पाहाच. आणि या ताटल्यांचे आकडे कोणता प्रोग्राम वाचतो आणि तो सांभाळतं कोण, हेही तिथल्या माणसांना विचारा.