पहिल्या पानावरचं स्वस्तिक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज हजारो माणसं ये-जा करतात. हे ब्रेमेन म्हणजे उत्तर जर्मनीत वेझर नदीकाठी वसलेलं पुण्याचं मैत्री-शहर, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? मलाही नव्हतं. २००६ मध्ये दहावीनंतर विद्यार्थी विनिमय योजनेतून वर्षभरासाठी तिथं जायचं ठरलं, तेव्हा कळलं. "कॉलेजचं एक वर्ष वाया जाणार," असं नातेवाईक म्हणत होते. ते वर्ष वाया गेलं नाही, हे मला शाळेच्या पहिल्याच दिवशी समजलं. श्रोतेहो, आज त्या दिवसाविषयीच सांगणार आहे.

शाळा सकाळी आठला. गणवेश नाही, प्रार्थना नाही. पहिल्या तासाला सर वर्गात आले आणि सवयीप्रमाणे मी ताडकन उभी राहिले. उभी राहिलेली मी एकटीच! बाकीचे बसल्या बसल्या "गूटन मॉर्गन" म्हणाले. दुसरा धक्का म्हणजे सर आम्हां सोळा वर्षांच्या मुलांना 'झी', म्हणजे अहो-जाहो करत होते. वरच्या वर्गांत तशी पद्धत आहे म्हणे. आपल्याकडं शिक्षकांनी अहो म्हटलं, की काहीतरी चुकलंय असं समजावं. त्यामुळं मी आणखीच घाबरले.

तिसरा तास इतिहासाचा. मी नवी कोरी वही काढली. निघायच्या आदल्या दिवशी आईनं तिच्या पहिल्या पानावर कुंकवानं स्वस्तिक काढलं होतं, चार घरांत चार ठिपके देऊन. लहानपणापासून प्रत्येक वर्षी ती असंच करायची. त्यात काही वेगळं आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वही उघडली आणि शेजारच्या मुलीनं झटकन त्या पानावर हात ठेवला. "हे इथं नको," ती कुजबुजली. पण मागच्या बाकावरच्या मुलानं पाहिलं होतं. वर्ग गप्प झाला. सर जवळ आले, त्यांनी पान पाहिलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे कुणी काढलं आणि कशासाठी, ते वर्गाला सांगाल?"

पुण्यात शिकलेलं माझं जर्मन तिकीट काढण्यापुरतं आणि हवापाण्याच्या गप्पांपुरतं होतं. सु आणि अस्ति कसं सांगणार? शेवटी म्हणाले, "आईनं काढलंय. आईला म्हणायचंय, आल्लेस गूटं." म्हणजे सगळं चांगलं होवो. काही जण हसले, पण प्रेमानं.

मग सरांनी सांगितलं. हिटलरच्या पक्षानं १९२० मध्ये हे चिन्ह घेतलं, १९३५ मध्ये ते जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आलं. जर्मन लोक त्याला स्वस्तिक म्हणत नाहीत. हाकेनक्रॉइत्स म्हणतात, म्हणजे आकडे असलेला क्रूस. ते जाहीरपणे मिरवणं हा तिथं दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन, कला यांना सूट आहे. "तुमच्या आईचं चिन्ह वेगळं आहे," सर म्हणाले, "पण रस्त्यात कुणी अर्थ विचारायला थांबणार नाही."

एवढ्यावर सुटले असते. पण मागच्या मुलानं विचारलं, "तुमच्याकडं हिटलरविषयी काय शिकवतात?" श्रोतेहो, याचं उत्तर मला आलं नाही. दुसऱ्या महायुद्धाची कारणं मी मुद्देसूद लिहू शकत होते. त्याबद्दल पूर्ण गुणही मिळाले होते. पण आठवलं ते वेगळंच. आमच्या शाळेतल्या एका कडक सरांना आम्ही 'हिटलर' म्हणायचो. तेही थोडं कौतुकानंच! त्याचं आत्मचरित्र रस्त्यावरच्या पुस्तकवाल्यांकडं सहज मिळायचं. यातलं काहीच मी त्या वर्गात बोलले नाही.

परतताना शेजारची मुलगी माझ्याबरोबर आली. तिच्या घरासमोरच्या फरसबंदीत पितळी पत्रा बसवलेला एक लहान चौकोनी दगड होता, तळहाताएवढा. जर्मन भाषेत त्यांना 'श्टोल्परश्टाइनं' म्हणतात, ठेच लागावी असे दगड. गुंटर डेमनिग या कलावंतानं १९९० च्या दशकात ते बसवायला सुरुवात केली. माणूस स्वतःच्या मर्जीनं शेवटचा जिथं राहिला, त्या घरासमोर हा दगड बसवतात. वाचायला वाकावं लागतं. मी वाकले. एका बाईचं नाव, जन्मसाल, '१९४१, मिन्स्क' आणि शेवटी 'खून झाला' एवढंच. ती मुलगी म्हणाली, "मी रोज यावरूनच शाळेत येते." तिनं सकाळी पानावर हात का ठेवला, ते मला तेव्हा समजलं.

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. परदेशी फोनचे पैसे मोजणारी आई गप्प राहिली, याचीच मला जास्त भीती वाटली. मग म्हणाली, "पान फाडू नकोस. त्याच्यावर कागद चिकटव. त्यांच्या डोळ्यांना दिसलं नाही तरी चालेल."

तसंच केलं. ती वही आजही माझ्याकडं आहे, पहिल्या पानावर पांढरा कागद चिकटवलेली. कागदाखाली आईचं स्वस्तिक आहे आणि त्याचा मला जराही संकोच नाही. माझ्या मुलाच्या वहीवर मीही ते काढते. मात्र मागे एकदा तो घरी येऊन म्हणाला, "आमच्या बाई म्हणजे नुसत्या हिटलर आहेत." तेव्हा जेवण बाजूला ठेवून मी त्याला त्या दगडाची गोष्ट सांगितली.