रात्री तीनला कोण उठणार?

खानदेशातला मे महिना म्हाताऱ्या माणसांची परीक्षा घेतो. जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो. तरण्या माणसाला तहान लागते, तो पाणी पितो. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. शिवाय पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं, उठायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून पुष्कळ म्हातारी माणसं मुद्दामच कमी पितात. हे दुसरं कारण कागदावर येत नाही, ते घरातल्यांनाच कळतं.

माझी आई, आम्ही तिला अम्मी म्हणतो, धुळ्याला मोठ्या भावाकडे असते. आता ८१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात ती दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलू लागली. मोहल्ल्यात कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आता वयच झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सोडियम उतरलेलं. उपचारानं आठवडाभरात ती बरीचशी ताळ्यावर आली. म्हणून हे आधी सांगतो. म्हातारं माणूस अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. पाणी, क्षार, लघवीतला जंतुसंसर्ग, एखादं नवं औषध, यांतलं काहीतरी कारण असू शकतं आणि त्यावर इलाज असतो.

अम्मीचं सगळंच मात्र परतलं नाही. त्याच्याही आधीपासून तिच्या हातून हळूहळू काहीतरी निसटत होतं, ते त्या आजारपणात उघडं पडलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. या दुखण्यात माणूस पूर्ववत होत नाही, त्याला सांभाळावं लागतं. कुणी आणि कसं, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

वृद्धाश्रमाचा शब्द निघाला की आमच्या घरात माना खाली जातात. शेजारच्या पाटलांच्या घरीही तेवढ्याच खाली जातात, यात हिंदू-मुसलमान काही नाही. मला ही लाज पटत नाही. ज्यांना कुणी नाही, किंवा असून बघत नाहीत, त्यांना चांगला आश्रम हेच घर. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. जळगावजवळ सावखेड्याला केशवस्मृती प्रतिष्ठानचा असा आश्रम आहे. पण हिंडून चौकशी केली की एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक आश्रमांना स्वतःचं स्वतः आवरणारी माणसं हवी असतात. अंथरुणाला खिळलेल्यांना, विसरणाऱ्यांना घेणाऱ्या जागा थोड्या, आणि त्या मोठ्या शहरांत, महागड्या. तिथे गेलात तर बाग, देऊळ, टीव्ही नंतर बघा. आधी विचारा, रात्री किती माणसं जागी असतात? पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं? कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या भरता भरत नाहीत.

आम्ही अम्मीला घरीच ठेवायचं ठरवलं. भाऊ म्हणाले, एक बाई ठेवू. एका ब्यूरोकडून प्रशिक्षित बाई आली. कामाला वाईट नव्हती, पण ती बाहेरच्या राज्यातली, अम्मी काय मागते तेच तिला कळेना. अम्मीचं लहानपण अमळनेरकडच्या खेड्यात गेलं. घरात आमची मुसलमानी बोली, अंगणात अहिराणी. नंतरची साठ वर्षं धुळे शहरात गेली. आता वरचे थर पुसले जाताहेत आणि तळातली अहिराणी वर येते आहे. मी जळगावहून गेलो की कधी कधी माझ्याकडे निरखून बघते आणि विचारते, ‘तू कोना शे रे?’ मी जन्मभर शब्दांशी खटपट केली, पण या चार शब्दांना मला उत्तर सुचत नाही. मी नुसता तिचा हात धरून बसतो.

मग पांझरेपलीकडच्या वस्तीतली एक बाई मिळाली. शाळा चौथीपर्यंत. ‘माय, काय करी राह्यनी?’ म्हणत आत आली आणि अम्मीनं हात पुढे केला. पहिल्या बाईला अंगाला हात लावू न देणारी अम्मी तिच्याकडून आंघोळ घालून घेते. कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, हे भाभींनी एका परिचारिकेकडून शिकून घेतलं आणि तिला शिकवलं. शिकवण्याजोगं शिकवता येतं. बोली कुठून शिकवणार?

आणखी एक केलं. कागद घेऊन दिवसाचे चोवीस तास त्यावर मांडले. या आजारात दिवेलागणीला घालमेल वाढते, माणूस ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभा राहतो. तो वेळ पुतण्याकडे. रात्री भाऊ तिच्या खोलीत झोपतात. शनिवारची रात्र माझी, त्यासाठी पारोळ्यावरून एस.टी.नं जातो. सुरतेची बहीण येऊ शकत नाही, पण बाईच्या पगारात तिनं स्वतःहून बरोबरीचा वाटा घेतला. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावरचं. घरी येणाऱ्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

ज्यांची मुलं असा कागदच मांडायला बसत नाहीत, त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. आणि घर मुलाच्या नावावर करून देणाऱ्या आईबापांना माझं सांगणं, सांभाळण्याची अट दस्तातच लिहून घ्या. पुढे सांभाळलं नाही तर त्या अटीच्या आधारानं तो दस्त रद्द करून मागता येतो. कुठे जावं कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

आमच्या कागदावर पहिल्यांदा नाव लिहिताना सगळ्यांनी दुपार, सकाळ, रात्र, सगळीकडे भाभींचंच नाव लिहिलं होतं. कुणी ठरवून नाही, सवयीनं. बहिणीनं फोनवरून ते खोडायला लावलं. गेल्या उन्हाळ्यात भाभी आठ दिवस मालेगावला माहेरी जाऊन आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच.