घरगुती वीज व गॅस : नियम सुलभ कसे व्हावेत ?

घरांत दिवा लावणाऱ्या आणि चूल पेटविणाऱ्या कंपन्यांवर कायद्याचा अंकुश असावा, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. बाजारांत एका गाळ्यावर भाजी महाग वाटली, तर आपण पुढच्या गाळ्यावर जातों. विजेच्या तारेचें तसें नाहीं. शिरूर तालुक्यांतील केंदूरच्या एखाद्या घराला महावितरणची तार नको म्हणून दुसरी घेण्याची सोय नाहीं. जेथें ग्राहकाला निवड नाहीं, तेथें नियम हाच त्याचा आधार. म्हणून नियम सोपे करणें म्हणजे ते कमी करणें नव्हे, हें प्रथम ध्यानांत ठेवलें पाहिजे.

२००३ च्या वीज कायद्याचें ५६ वें कलम पाहा. थकबाकीसाठीं वीज तोडण्यापूर्वीं पंधरा पूर्ण दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. बिलाविषयीं वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनें होणारी रक्कम, यांपैकीं कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. मग वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडतां येत नाहीं. किती मोलाचें हें संरक्षण ! पण तें किती घरांना ठाऊक आहे ?

यांत दोष ग्राहकाचा नाहीं. दिवा आणि चूल हीं त्याच्या एकाच संसारांतलीं कामें. कायद्यानें मात्र त्यांचीं निरनिराळीं राज्यें केलीं आहेत. विजेचे दर १९९९ सालीं स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवितो, तर त्याच बिलावरील वीज शुल्क राज्य सरकारचें असतें. सिलिंडरचें वाटप केंद्र सरकारच्या २००० सालच्या आदेशाखालीं चालतें. पुण्यांत आपल्या घरीं नळानें गॅस येत असेल, तर त्यावर २००६ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या आणखी एका मंडळाची देखरेख. विजेची तक्रार आधीं कंपनीकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, शेवटीं विद्युत लोकपालाकडे. गॅसची वाट अर्थातच वेगळी.

हीं सारीं मंडळें मोडावींत असें माझें म्हणणें नाहीं. जोखमी निराळ्या, म्हणून तज्ज्ञही निराळे हवेत. परंतु ही विभागणी आंत राहूं द्यावी. ग्राहकाला दार एकच दिसावें. वीज असो वा गॅस, तक्रार एके ठिकाणीं नोंदवावी आणि योग्य अधिकाऱ्याकडे ती पोंचविण्याचें काम कचेऱ्यांनीं आपसांत करावें. दुसरें, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा प्रत्येक रकमेपुढें ती कशासाठीं, हें एका ओळींत सोप्या मराठींत छापावें. तिसरें, तक्रारीची मुदत आणि विलंबाबद्दल मिळणारी भरपाई बिलाच्या दर्शनी बाजूस असावी.

कायदा वकिलाला समजला एवढ्यानें भागत नाहीं. ज्याच्या घरची वीज तोडली जाणार, त्याला तो आधीं समजला पाहिजे.