आधी बोट, मग पाणी

श्रोतेहो, अ‍ॅव्होकाडोच्या कोयीला तीन काड्या टोचून ती पाण्याच्या ग्लासवर कशी बसवायची, हे मी आज सांगणार नाही. रुंद बाजू खाली, टोक वर, पाणी बदलत राहायचं, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. मला बोलायचंय ते रोप कुंडीत गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याबद्दल. एप्रिल-मेच्या उन्हात तगलेलं रोप भर जुलैत मान टाकतं. घरातली मंडळी हळहळतात आणि तांब्याभर पाणी घालतात. रोप आणखी मान टाकतं. मग आणखी एक तांब्या!

अहो, मातीत आधी बोट तरी घालून बघा. दोन पेरं आत. बोटाला ओल लागली, तर पाणी घालायचं नाही. आजच्या भाषणातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

मुळात या झाडाची मुळं उथळ. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. शिवाय इतर झाडांच्या मुळांवर केसांसारखी लव असते, तशी यांच्यावर जवळजवळ नसतेच. जंगलात कुजलेल्या पाल्याखाली जो भुसभुशीत थर असतो, त्यात वाढायची यांची सवय. तिथे ओल असते आणि हवाही असते. कुंडीत पाणी साचलं की हवा संपते, मुळं गुदमरतात. त्यातच फायटोफ्थोरा नावाचा रोगजंतू वाट बघत असतो. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून पोहत कोवळ्या मुळांपर्यंत पोचतात. मुळं काळी पडून सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढणार कसं? म्हणून चिखलात उभं असलेलं रोपही तहानेल्यासारखं दिसतं. फसगत होते ती इथे.

आता एक सांगा, तुम्ही मटकीला मोड आणता ना? रात्रभर भिजवता, सकाळी पाणी निथळून टाकता, पंचात बांधून गाठोडं टांगता. मटकी ओलसर राहते, कापडातून वारा लागतो, आणि छान मोड येतात. तीच मटकी पातेल्यात पाण्याखाली राहू दिली, तर फेस येतो, हाताला चिकट लागते, वास मारते. मग तिच्यावर कोणी आणखी पाणी ओततं का? कुंडी म्हणजे ते गाठोडं समजा. तळाचं छिद्र म्हणजे कापडाची वीण. आणि फरशी खराब होऊ नये म्हणून तुम्ही कुंडीखाली जी थाळी ठेवता ना, तिच्यात पाणी साचलं की गाठोडं परत पातेल्यात गेलं! जून लागला की थाळी काढा. कुंडी दोन विटांवर ठेवा, छिद्र मोकळं आहे ना, काडी घालून बघा.

मूठभर मटकी कोणी चादरीत बांधत नाही. तसंच एवढ्याशा रोपाला ड्रमएवढी कुंडी नको. जी माती मुळांनी व्यापलेली नाही, ती ओलीच राहते. रोप वाढेल तशी कुंडी वाढवा. आणि मोड आले का, म्हणून गाठोडं सारखं सोडून बघू नये, तशी मुळंही उकरून बघू नका. त्यांना धक्का सोसत नाही.

ज्यांच्याकडे जमीन आहे, त्यांच्यासाठी. आपल्या देशावरच्या काळ्या मातीत खड्डा खणून त्यात खत-माती भरली, तर पावसात त्याचं डबकं होतं. तिथे दीड-दोन फुटांचा रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावा. कोडगूमध्ये कॉफीच्या मळ्यांतून ही झाडं पिढ्यानपिढ्या उभी आहेत. तिथे पाऊस का कमी पडतो? पण उतार आहे, पाणी थांबत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या उतारावरही निचऱ्याची चिंता कमी. तिथे उन्हाळ्यातली ओल सांभाळा. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्यापासून जरा दूर. मुळं उथळ, त्यामुळे ती वाळतातही लवकर. तेव्हा उन्हाळ्यात बोट कोरडं निघालं, तर भरपूर पाणी द्या, कंजुषी नको.

पानांची टोकं करपतात, त्यावर पुष्कळजण औषध फवारत बसतात. बोअरचं पाणी देत असाल, तर आधी क्षारांचा संशय घ्या. पावसाचं पाणी साठवून एकदा सढळ हातानं द्या, क्षार खालून धुऊन जातील. अर्थात खालून वाट असेल तरच. बघा, फिरून आपण छिद्रापाशीच आलो!

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न, फळ कधी? कोयीचं झाड पाच वर्षांतही धरेल, दहाही लावेल, आणि फळ मूळ फळासारखं असेलच असं नाही. कधी नशीब उघडतं. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमनच्या बागेत एका रोपावर कलम काही जगेना, म्हणून ते रोप तसंच वाढू दिलं. 1935 मध्ये त्यानं त्या वाणाचं पेटंट घेतलं. आज बाजारात मिळतो तो खडबडीत काळपट ‘हास’ तोच. पण नशिबावर किती थांबायचं? फळ हवं असेल तर कलम आणा, तीन-चार वर्षांत धरतं. कलमालाही बोटाचा नियम तोच बरं का. ओल लागली, तर पाणी नाही!

फुलांचंही मोठं गमतीचं आहे. प्रत्येक फूल दोनदा उमलतं. आधी मादी म्हणून, मग मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. हासचं फूल सकाळी मादी असतं, फ्युएर्ते जातीचं दुपारी. त्यामुळे दोन्ही जातींची झाडं जवळ असली तर... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा सुरू झाल्या आहेत, हे राहू द्या.

एक मात्र सांगायलाच हवं. छाटलेली पानं शेळ्यांपुढे टाकू नका, आणि पिंजऱ्यातल्या लव्हबर्डला याचा गर भरवू नका. त्यांना बाधणारं द्रव्य त्यात असतं, प्रसंगी जीवावर बेततं. आपण मजेत खातो ते त्यांना का चालत नाही, हे पुन्हा बोलावलंत तर सांगेन.